जुन्या मोटारसायकलला नवा घाट

अमेरिकेच्या उत्तरेकडील मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या राज्यांत नोव्हेंबर महिना सुरू झाला, की रस्त्यांवरून मोटारसायकली हळूहळू दिसेनाशा होतात. तापमान शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरते. रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून त्यावर मीठ पसरले जाते आणि ते खारट पाणी गाडीच्या धातूला झपाट्याने खाते. त्यामुळे एप्रिलपर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच महिने, मोटारसायकल घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये उभी असते. महाराष्ट्रात हिवाळा हा दुचाकीवरून भटकंती करण्याचा सर्वांत सुखाचा ऋतू. तेथे मात्र तो गाडीवाचून काढावा लागतो. या सक्तीच्या विश्रांतीतून एक छंद जन्माला आला. एखादी जुनी मोटारसायकल स्वस्तात विकत घ्यावी, हिवाळाभर ती खोलावी, तिचे काही भाग बदलावेत, काही स्वतः घडवावेत आणि वसंत ऋतूत ती मनाजोगती करून रस्त्यावर आणावी, असा हा छंद आहे.

या कामासाठी बहुतेक जण ‘क्रूझर’ जातीची मोटारसायकल निवडतात. क्रूझर म्हणजे लांबच्या सरळ रस्त्यावर संथपणे, आरामात चालवण्याची गाडी. तिची बैठक जमिनीपासून जेमतेम सत्तर सेंटिमीटर उंच असते. हँडल रुंद आणि चालकाकडे वळलेले, पाय पुढे ठेवलेले आणि पेट्रोलची टाकी थेंबाच्या आकाराची, असे तिचे रूप. इंजिनाचे दोन सिलिंडर बहुधा इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे एकमेकांशी कोन करून बसवलेले असतात. हार्ले-डेव्हिडसनच्या गाड्यांत हा कोन परंपरेने ४५ अंशांचा, तर जपानच्या यामाहा विरागो या गाडीत तो ७५ अंशांचा आहे. असे इंजिन कमी फेऱ्यांतही चांगली ओढ देते. शिवाय क्रूझरचे जवळजवळ सगळे अवयव उघडे असतात. इंजिनावर प्लॅस्टिकचे आवरण नसते, मडगार्ड, दिवे, सीट हे भाग साध्या नट-बोल्टांनी जोडलेले असतात. म्हणून त्यांत फेरफार करणे सोपे जाते आणि केलेला फेरफार लगेच डोळ्यांत भरतो.

या फेरफारांची परंपरा दुसऱ्या महायुद्धानंतर फोफावली. युद्धकाळात हार्ले-डेव्हिडसनने सैन्यासाठी ‘डब्ल्यूएलए’ या नावाच्या सुमारे ९०,००० मोटारसायकली बनवल्या होत्या. युद्ध संपल्यावर सैन्याला नको असलेल्या गाड्या स्वस्तात विकल्या गेल्या. त्या घेणाऱ्या तरुणांनी पुढचा मडगार्ड काढून टाकला, मागचा कापून आखूड केला, जड पेट्या उतरवल्या. वजन कमी व्हावे आणि गाडी चपळ व्हावी, हा साधा हेतू. अशा गाडीला ‘बॉबर’ असे नाव पडले. पुढे साठच्या दशकात ‘चॉपर’ आली. तिच्यात सांगाडाच कापून पुढचा फोर्क लांब आणि तिरका केला जाई. १९६९ सालच्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटाने चॉपर जगभर पोहोचवली. त्यातील गाड्या पोलिसांनी लिलावात काढलेल्या जुन्या हार्ले-डेव्हिडसन होत्या. क्लिफ व्हॉग्ज आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय कारागिरांनी त्यांना नवे रूप दिले. परंतु चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांचा उल्लेख नव्हता आणि कित्येक वर्षे सामान्य प्रेक्षकाला त्यांची नावेही ठाऊक नव्हती.

आजच्या छंदिष्टाच्या गॅरेजमध्ये जी गाडी आढळते, ती पुष्कळदा ऐंशीच्या दशकातील जपानी क्रूझर असते. तिच्या इंजिनाची क्षमता ६९९ घनसेंटिमीटर अशी विचित्र का, असा प्रश्न नवख्याला पडतो. त्याचे उत्तर यंत्रशास्त्रात सापडत नाही, ते जकातीच्या इतिहासात आहे. १९८३ साली राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी अमेरिकी उद्योगाला संरक्षण देण्यासाठी ७०० घनसेंटिमीटरहून मोठ्या आयात मोटारसायकलींवरील कर ४.४ टक्क्यांवरून ४९.४ टक्क्यांवर नेला. पाच वर्षांत तो टप्प्याटप्प्याने कमी व्हायचा होता. जपानी कंपन्यांनी यावर सरळ तोडगा काढला. ७५० च्या गाड्यांची इंजिने किंचित लहान करून त्यांनी ती ७०० च्या आत आणली. १९८७ साली हार्ले-डेव्हिडसनने स्वतःच हा कर मुदतीपूर्वी उठवावा अशी विनंती केली आणि पुढे काही गाड्या पुन्हा ७५० झाल्या. जुन्या यंत्रावर अशा खुणा राहून जातात. सुटे भाग मागवताना त्या लक्षात ठेवाव्याच लागतात. कारण दिसायला सारख्या असलेल्या दोन गाड्यांचे पिस्टन एकमेकांना बसत नाहीत.

गाडी घरी आली, की ती लगेच खोलायला घेण्याचा मोह होतो. जाणते लोक तसे करत नाहीत. हवा अजून बरी असेल तर ते आधी ती चालवून पाहतात. ब्रेक कसे लागतात, गिअर कोठे अडकतात, हँडल थरथरते का, सिलिंडरमधून कसला आवाज येतो, हे टिपून ठेवतात. सुंदर करण्याआधी गाडी धड आहे का, हे पाहिले पाहिजे. टायरची नक्षी शिल्लक दिसली तरी रबर वयाने कडक झालेले असू शकते. टायरच्या कडेवर लंबगोलात चार अंक छापलेले असतात; त्यांतील पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवतात. ‘२३१९’ याचा अर्थ २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनवलेला टायर. ही पद्धत जगभर आहे आणि भारतातील कोणत्याही दुचाकीवर ती पडताळून पाहता येते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे लागते. दहा-वीस वर्षे पडून असलेल्या गाडीत ते काळपट झालेले असते आणि त्याचा भरवसा धरता येत नाही.

सर्वाधिक छळते ती पेट्रोलची बाब. पेट्रोल काही महिन्यांत शिळे होते. त्यातील हलके घटक उडून जातात आणि उरलेला भाग कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत, म्हणजे जेटमध्ये, राळेसारखा चिकटून बसतो. मग इंजिन सुरू होते, पण स्थिर चालत नाही. म्हणून हिवाळ्यापुरती गाडी ठेवतानाही टाकी काठोकाठ भरून त्यात पेट्रोल टिकवणारे रसायन घालतात आणि कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करतात. टाकी अर्धी रिकामी राहिली तर वरच्या हवेतील दमट बाष्प आतल्या पत्र्यावर जमून गंज धरतो. बॅटरीचेही तसेच. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. उतरलेली मात्र शून्याच्या थोड्याच खाली गोठते व फुटते, कारण तिच्यातील आम्ल पातळ होऊन जवळजवळ पाणीच उरलेले असते.

खोलण्याचे काम धीराचे आहे. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे, त्याचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत भरून वर नाव लिहावे, हा नियम कंटाळवाणा वाटतो. परंतु नोव्हेंबरमध्ये काढलेला वॉशर फेब्रुवारीत कोठे बसत होता, हे कोणालाही आठवत नाही. जपानी गाड्यांच्या फुलीच्या स्क्रूंबाबत एक बारकावा आहे. ते नेहमीच्या ‘फिलिप्स’ पद्धतीचे दिसतात, पण जपानी मानकाप्रमाणे त्यांच्या खाचेचा आकार थोडा निराळा असतो. नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरने जोर लावला की तो खाचेतून निसटतो आणि स्क्रूचे डोके खराब होते. त्यासाठी वेगळा स्क्रूड्रायव्हर मिळतो. तरीही स्क्रू हलला नाही, तर गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर थांबावे लागते किंवा हातोडीने ठोकल्यावर फिरणारे अवजार वापरावे लागते. रॉबर्ट पर्सिग यांच्या १९७४ मधील ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेन्टेनन्स’ या ग्रंथातील प्रवास मिनेसोटातूनच सुरू होतो, आणि त्यात अशा एका अडकलेल्या स्क्रूवर बराच विचार केलेला आहे. तत्त्वचिंतनाच्या ग्रंथात स्क्रूला इतकी जागा का, हे ज्याने एकदा तरी तो सोडवण्याचा प्रयत्न केला आहे त्याला सांगावे लागत नाही.

आता प्रत्यक्ष फेरफार. सर्वांत सोपे वाटणारे काम हँडल बदलण्याचे. उंच हँडल बसवले की गाडीचे रूप पालटते. पण क्लच व ॲक्सिलरेटरच्या तारा, ब्रेकची नळी आणि विजेच्या वायरी आता अपुऱ्या पडतात. त्या ताणून बसवल्या तर उभ्या गाडीत काही जाणवत नाही. वळणावर हँडल पूर्ण फिरवले, की तार ओढली जाते आणि इंजिनाचा वेग आपोआप वाढतो. वळणाच्या मध्यावर असे होणे अतिशय घातक असते. म्हणून हँडल बदलल्यावर गाडी सुरू ठेवून ते दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहणे, ही पहिली परीक्षा होय.

सायलेन्सर आणि हवेची गाळणी बदलण्यात निराळा धोका आहे. मोकळा सायलेन्सर आणि उघडी गाळणी लावल्यास इंजिनात हवा अधिक जाते, पण पेट्रोलचे प्रमाण तेच राहते. मिश्रण विरळ झाले की इंजिन जास्त तापते आणि गाडी फटफट करत अडखळते. मग मोठ्या छिद्रांचे जेट घालून मिश्रण पुन्हा जुळवावे लागते. ऐंशीच्या दशकातील पुष्कळ कार्ब्युरेटरांत आतील दट्ट्या हवेच्या दाबातील फरकाने वर उचलला जातो. गाळणीची पेटी काढून टाकल्यावर हा दाबच बिघडतो आणि केवळ जेट बदलून भागत नाही. गाडीच्या कारखान्यातील अभियंत्यांनी ती कुरूप पेटी उगाच बसवलेली नव्हती. आवाजाचा प्रश्न तर आहेच. अमेरिकेत १९८६ पासून बनलेल्या मोटारसायकलींना ८० डेसिबलची मर्यादा आहे, आणि शेजाऱ्यांची मर्यादा बहुधा त्याहून कमी असते.

सर्वांत गंभीर बदल सांगाड्याचा. येथे थोडी भूमिती समजून घेतली पाहिजे. पुढचा फोर्क उभ्या रेषेशी जो कोन करतो त्याला ‘रेक’ म्हणतात. ज्या अक्षाभोवती हँडल फिरते तो अक्ष खाली वाढवला, तर तो चाकाच्या टेकण्याच्या बिंदूच्या पुढे जमिनीला मिळतो. या दोन बिंदूंतील अंतर म्हणजे ‘ट्रेल’. ट्रेलमुळेच चाक सरळ राहू पाहते. दुकानातील ढकलगाडीची लहान चाके ढकलण्याच्या दिशेने आपोआप वळतात, त्यामागेही हेच तत्त्व असते. समजा, चाकाची त्रिज्या ३२ सेंटिमीटर आहे, फोर्क हँडलच्या अक्षाच्या ५ सेंटिमीटर पुढे आहे आणि रेक ३२ अंश आहे. हिशेब केला तर ट्रेल सुमारे १४ सेंटिमीटर येतो. हाच रेक ४० अंश केला, तर ट्रेल २० सेंटिमीटरांवर जातो. अशी गाडी महामार्गावर रेषेत धावते, पण सिग्नलपाशी संथ वळताना तिचे पुढचे चाक एका बाजूला धपकन कोसळू पाहते आणि ते सावरायला दोन्ही हातांचा जोर लागतो. चित्रपटातील चॉपर डौलदार दिसते ती सरळ रस्त्यावर.

कमी दिसणारा, पण तसाच परिणाम करणारा बदल म्हणजे मागचा शॉकअब्सॉर्बर आखूड करून गाडी खाली बसवणे. दोन चाकांतील अंतर दीड मीटर असेल आणि मागची बाजू पाच सेंटिमीटर खाली आणली, तर रेक जवळजवळ दोन अंशांनी वाढतो. त्याचबरोबर वळताना पायदाण जमिनीला लवकर घासते. कापणे आणि वेल्डिंग करणे यांबाबत या छंदातील अनुभवी लोकांचे मत स्पष्ट आहे. वेल्डिंग शिकायचे तर ते स्टुलावर किंवा कपाटावर शिकावे. ज्या सांध्यावर माणसाचा जीव तोललेला असतो, तो सांधा कुशल कारागिराकडून करून घ्यावा. सांगाडा मुळीच न कापता जे करता येईल तेवढेच करावे, हा मार्ग तर सर्वांत शहाणपणाचा. मूळ भाग खोक्यात जपून ठेवले तर पुढच्या मालकाला गाडी पूर्ववत करता येते. कापलेल्या सांगाड्याला मात्र परतीची वाट नसते.

रंगकामात हिवाळा स्वतःच आडवा येतो. जुना रंग काढून पत्रा उघडा करणे, पोचे काढणे, लांबी भरणे, पॉलिश पेपरने घासून प्रायमर मारणे, त्यावर रंगाचे आणि शेवटी चकाकीचे थर देणे, हा क्रम भारतातील कोणत्याही डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानासारखाच. परंतु थंड गॅरेजमध्ये रंग नीट सुकत नाही, ओघळतो किंवा दुधाळ होतो. म्हणून लोक टाकी घरात आणतात, आणि तेथे चूक होते. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत पेट्रोलची वाफ असते आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा सहज पेट घेते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या शेगडीच्या ज्योतीपर्यंत पोहोचते. दोन घटक मिसळून मारायचे टिकाऊ रंग श्वसनाला अपायकारक असतात; कापडी मुखपट्टीने त्यांच्यापासून बचाव होत नाही. क्रोमचा मुलामा हेही घरी करण्याचे काम नव्हे.

या छंदातील सर्वांत मोठे संकट मात्र दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. बाहेर बर्फ पडत असताना गॅरेजचे दार बंद ठेवून इंजिन सुरू केले, तर धुरातील कार्बन मोनॉक्साइड काही मिनिटांत धोक्याच्या पातळीला पोहोचतो. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला कितीतरी अधिक घट्ट धरते. माणसाला डोके दुखते, झोप आल्यासारखे वाटते, आणि झोप आल्यासारखे वाटते म्हणूनच तो दाराकडे जात नाही. दार थोडे उघडे ठेवणे पुरेसे नसते. गाडी बाहेर ढकलून मगच सुरू करावी लागते. गॅरेजला लागून असलेल्या खोलीत मुले झोपलेली असतील, तर तो वायू भिंतीच्या फटींतून त्यांच्यापर्यंतही पोहोचतो. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. तो भुसा फुंकरीने किंवा हवेच्या पंपाने उडवायचा नसतो, ओल्या फडक्याने पुसून घ्यायचा असतो.

पैशाचा हिशेबही येथे चुकतोच. मोठ्या वस्तूंच्या किमती आधी माहीत असतात. पैसा जातो तो वॉशर, रबरी सील, नळ्या, तेल आणि एकदाच लागणाऱ्या अवजारांवर. गाडी विकताना मालकाच्या आवडीची किंमत सहसा वसूल होत नाही, कारण ती आवड दुसऱ्याची नसते. पुष्कळ प्रकल्प अर्ध्यावर थांबतात आणि गाडी खोक्यांत भरून विकायला निघते. ज्याने फक्त हँडल, सीट आणि रंग एवढेच ठरवलेले असते त्याची गाडी एप्रिलमध्ये रस्त्यावर येते. ज्याने सगळेच बदलायचे ठरवले, त्याची कधी येईल ते सांगता येत नाही.

भारतातही ही आवड आहे. मद्रास येथे १९५५ पासून तयार होऊ लागलेली रॉयल एनफिल्ड बुलेट, म्हैसूरची जावा व येझदी, आणि पुण्याच्या बजाज कंपनीने २००५ साली आणलेली ॲव्हेंजर यांना नवे रूप देणारे कारागीर अनेक शहरांत आहेत. परंतु येथील कायदा कडक आहे. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतील तपशील विसंगत होईल असा बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ ठामपणे सांगितला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. जप्त केलेले कर्कश सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवल्याच्या बातम्या वेगवेगळ्या शहरांतून येतात. गाडीचा रंग बदलला तरी परिवहन कार्यालयात त्याची नोंद करून घ्यावी लागते. म्हणून भारतात हा छंद प्रामुख्याने जुनी गाडी मूळ रूपात परत आणण्याकडे वळलेला दिसतो, आणि त्यातही अंगमेहनत व आनंद काही कमी नसतो.

मिनेसोटात एप्रिलचे दोन-तीन चांगले पाऊस पडून रस्त्यांवरचे मीठ वाहून गेले, की दुरुस्त केलेल्या गाड्या बाहेर पडतात. पहिली फेरी घराजवळच्या रिकाम्या रस्त्यावर असते. आधी चालण्याच्या वेगाने जाऊन दोन्ही ब्रेक दाबून पाहतात, मग थोडा वेग वाढवतात, हँडल दोन्हीकडे फिरवतात, थांबून इंजिनाखाली तेलाचा थेंब पडला आहे का ते वाकून बघतात. ऐंशी-शंभर किलोमीटर झाले की गाडी पुन्हा गॅरेजमध्ये येते; कारण नव्याने बसवलेले बोल्ट इंजिनाच्या थरथरीने सैल पडतात आणि ते सगळे एकेक करून पुन्हा पान्याने आवळायचे असतात.